भिंत वाळेपर्यंत

त्या दुपारी चंदीगडच्या सेक्टर सतराच्या चौकात झालेला आवाज बॉम्बचा नव्हता, हे ठरायला दीड तास लागला. एका चार मजली सरकारी इमारतीच्या जिन्याच्या भिंतीतून काँक्रीटचा परातीएवढा ढलपा सुटला होता आणि खाली ठेवलेल्या पत्र्याच्या रिकाम्या पिंपावर येऊन आदळला होता. पण पंजाबातली ती वर्षे अशी होती की मोठ्या आवाजाला एकच अर्थ असे. दुकानांची शटरे धडाधड खाली आली. बँकेच्या दारातल्या वाळूच्या पोत्यांमागे उभा असलेला जवान आडवा झाला. कारंज्यापाशी शेंगदाणे खात बसलेली माणसे चपला तिथेच टाकून बसस्टँडच्या दिशेने पळाली. पोलिसांनी चौक रिकामा केला, दोर लावले, आणि अखेर बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातल्या माणसाने जे उचलून दाखवले, तो होता सिमेंटचा एक तुकडा आणि त्यातून बाहेर डोकावणारी गंजकी सळई.

मी त्या वेळी तिथे नव्हते. हे सारे मला पुढे तिथल्या दुकानदारांनी सांगितले. प्रत्येकाच्या सांगण्यात पळणारे इतर होते. सांगणारा स्वतः जागेवर उभा होता. त्या पिंपाची थट्टा चौकात बरेच दिवस चालली. मला मात्र त्याचे उपकारच मानावे लागतात. त्या इमारतीच्या दुरुस्तीची फाईल तीन वर्षे कुठल्याशा टेबलावर निजून होती. ती त्या आवाजाने जागी झाली, सल्ल्यासाठी आमच्या ऑफिसात आली आणि माझ्यासमोर ठेवली गेली.

माझे वय तेव्हा एकोणचाळीस होते आणि नोकरी चार महिन्यांची. आर्किटेक्चरची पदवी मी पुण्यात घेतली होती, तीही चांगल्या गुणांनी. त्यानंतर लगेच लग्न झाले, पती हवाई दलात, आणि पंधरा वर्षांत सात बदल्या. प्रत्येक नव्या गावी मी पडद्यांची मापे घेतली आणि ड्रॉइंग बोर्ड खोक्यातून बाहेर न काढता पुढच्या गावी पाठवला. चंदीगडला आल्यावर तो एकदाचा बाहेर निघाला, तो मुलीमुळे. ती आठवीत होती. आमचे मराठी तिला सगळे समजे, उत्तरे मात्र हिंदीत येत. "आई, तू जा ना यार," ती म्हणाली, "घर मैं देख लूँगी. वैसे भी तू दिनभर दीवारें ही देखती रहती है."

ऑफिस सेक्टर बावीसमध्ये होते, एका औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. आमचे सर सत्तरीला टेकलेले सरदारजी होते. हे शहर उभे राहत असताना ते ऐन तिशीत इथे नकाशे काढत होते, आणि आता त्या शहराला म्हातारपण येताना पाहत होते. मला ते 'बेटा' म्हणत. चार महिने मी त्यांच्याकडे न्हाणीघरांचे तपशील काढले: टाइल कुठे संपते, नळ किती उंचीवर येतो. ते काम मला चांगले जमत असे आणि त्यात कुणाशी बोलावे लागत नसे.

"त्यांना वरून पलस्तर करायचं आहे," फाईल पुढे सरकवत सर म्हणाले, "आणि क्रीम रंग. तू जाऊन बघ. मग सांग, करावं की नाही."

मी गेले आणि दोन तास त्या भिंतीसमोर उभी राहिले.

जिन्याची ती भिंत चौकाकडे तोंड करून चार मजले सरळ वर गेलेली होती. खिडकी नाही, नक्षी नाही, रंग नाही. नुसते काँक्रीट. पण ज्या लाकडी फळ्यांच्या साच्यात ते ओतले गेले होते, त्यांची प्रत्येक रेघ त्यावर उमटलेली होती. लाकडाच्या नसा, गाठी, करवतीच्या तिरक्या खुणा, दोन फळ्यांच्या मधली बारीक उंच कड. जणू कुणी आख्खी लाकडाची वखार दगडात दाबून ठेवली असावी. सकाळचे ऊन तिरपे पडे तेव्हा एकेक गाठ मोजता येई. त्या भिंतीला आता ठिकठिकाणी तांबूस ओघळ आले होते, आणि तिसऱ्या मजल्याखाली जिथून ढलपा सुटला होता तिथे सळया बरगड्यांसारख्या दिसत होत्या. तरी नव्वद टक्के भिंत शाबूत होती. तिच्यावर गिलावा चढवणे म्हणजे एका जखमेसाठी सगळा चेहरा पट्टीत गुंडाळण्यासारखे मला वाटले. मी ऑफिसात परत येऊन सरांना इतकेच म्हणाले, "नको करायला."

"हे मला नाही, साहेबांना सांगायचं," सर म्हणाले.

साहेब म्हणजे त्या दुरुस्तीचे कार्यकारी अभियंता. पन्नाशीचे, जाडजूड, बोलण्यात मिस्कील. त्यांच्या खोलीत सर माझ्या बाजूने बोलले, मी नकाशे उलगडले. 'ऐतिहासिक' हा शब्द सरांच्या तोंडून निघाला मात्र, साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ऐतिहासिक? सरदारजी, ये बिल्डिंग मुझसे बीस साल छोटी है. मेरी मरम्मत तो कोई नहीं कराता!"

खोलीतले सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य खरोखरच चांगले होते. मग साहेब गंभीर झाले. लोक घाबरलेले आहेत, ते म्हणाले. उघडी सळई दिसली की दुकानदार अर्ज करतात. त्यांना भिंत गुळगुळीत आणि शांत दिसायला हवी होती. तरीही सरांच्या वयाचा मान राखून त्यांनी एक संधी दिली. पहिल्या मजल्याच्या उंचीवर, तीन फूट बाय तीन फूट जागेत नमुन्याची दुरुस्ती करून दाखवायची. ती जुन्या भिंतीत मिसळली तर भिंत उघडी राहील. नाही तर मे महिन्यात पलस्तर.

जिना उतरताना सर म्हणाले, "नमुना पास झाला, तर ती साइट तुझी, बेटा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत."

"आणि नाही झाला तर?"

"बाथरूम," ते म्हणाले आणि कठड्याला धरून पुढची पायरी उतरले.

साच्याच्या फळ्यांसाठी सरांनी एक सुतार मिस्त्री गाठून दिला. पंचावन्नचा, उंच, दाढी पांढरी होत चाललेली, चंदीगडबाहेरच्या खरड गावाकडच्या एका खेड्यातून रोज बसने येणारा. त्याचे ठरलेले असे: काहीही झाले तरी चार वाजता हत्यारे पिशवीत. अंधाराच्या आत घर गाठायचे, हा त्या दिवसांत गावाकडच्या प्रत्येकाचा नियम होता. आमच्याकडचे काम त्याला हवे होते. खेड्यांतून नवी घरे बांधायचे लोकांनी थांबवले होते, आणि पूर्ण भिंतीचे काम मिळाले तर त्याला घराजवळ सहा महिने निश्चिंती होती. मला तो 'बीबी जी' म्हणे, आणि सुरुवातीला त्या संबोधनात आदर कमी व दया अधिक असे.

मी आधी भिंतीचा नकाशा काढला. फळीनिशी. प्रत्येक फळीची रुंदी, गाठ कुठे आहे, कड किती उठली आहे, हे सारे मापून कागदावर उतरवायला मला आठ दिवस लागले. खाली उभा राहून मिस्त्री तो कागद न्याहाळी.

"बीबी जी, रिश्ते के लिए फोटो भेजनी है क्या इसकी?"

"फळ्या अशाच हव्यात," मी म्हणाले. "एवढ्याच रुंद."

त्याने भिंतीवर तळवा फिरवला. "चीड़ की लकड़ी है जी. देवदार इतनी गाँठ नहीं देता." मग माझ्याकडे प्रथमच नीट पाहत, "ये काम किसी ने जल्दी में नहीं किया."

पहिल्या फळ्या त्याने मनीमाजऱ्याच्या बाजारातून आणल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी पोहोचेपर्यंत सगळ्या रंधा मारून आरशासारख्या करून ठेवल्या. मी एकेक फळी हातात घेऊन पाहिली. ज्या खरखरीतपणासाठी आम्ही बाजार पालथा घातला होता तो त्याने रात्रीत सोलून काढला होता, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहत होता. त्याच्या हिशेबाने बिनरंध्याची फळी कामावर देणे म्हणजे न जेवू घालता पाहुण्याला परत पाठवणे होते. त्याला दुखावणार नाही अशा शब्दांची जुळवाजुळव करण्यात माझी पाच मिनिटे गेली, आणि शेवटी जे निघाले ते अगदी साधे होते: "मिस्त्रीजी, ही फळी फार चांगली झाली आहे. मला वाईट हवी."

तो इतका हसला की पोत्यांमागचा जवान वळून पाहू लागला. पुढच्या फळ्या करवतीच्या खुणांसकट आल्या.

माझी चूक वेगळी होती, आणि ती मिस्त्रीच्या चुकीपेक्षा लाजिरवाणी, कारण मी शिकलेली होते. सिमेंट, वाळू आणि थोडे पांढरे सिमेंट अशा वेगवेगळ्या प्रमाणांच्या सहा लाद्या मी नमुन्याआधी ओतून घेतल्या. चौथ्या दिवशी त्या भिंतीला लावून पाहिल्या, एक हुबेहूब जुळली, आणि मी आनंदाने प्रमाण लिहून टाकले. तीन आठवड्यांनी तीच लादी पाहिली तर ती राखेसारखी फिकी पडली होती. आतले पाणी जसजसे निघून जाते तसतसा काँक्रीटचा रंग उतरत राहतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. हाताने ते ठाऊक नव्हते. पुन्हा सहा लाद्या केल्या आणि या वेळी थांबले. पूर्ण जुळणारी एकही निघाली नाही. जवळची निघाली.

नमुना ओतला एप्रिलच्या सुरुवातीला. सैल काँक्रीट फोडून काढले, सळया तारेच्या ब्रशने घासून उजळ केल्या, फळ्या चढवल्या, वरच्या फटीतून माल ओतला. पाचव्या दिवशी फळ्या काढल्या. गाठी आल्या होत्या. कडा आल्या होत्या. मिस्त्रीने नुसते "वाह" म्हटले आणि पगडी सारखी केली.

आता दहा दिवस गोणपाट लावून ते ओले ठेवायचे होते. आणि नेमका त्यातच दोन दिवसांचा बंद पुकारला गेला. बसगाड्या नाहीत, दुकाने नाहीत, मिस्त्रीच्या गावाला पोलिसांचा वेढा आणि झडती. गोणपाट एप्रिलच्या उन्हात एका दुपारीत वाळते, आणि खालचे कोवळे काँक्रीट तडकते. मी पतीला म्हटले, "मला सतरा सेक्टरला सोडा."

"आज? कशाला?"

"पाणी मारायला."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले, आणि स्कूटरची किल्ली घेतली. सबंध रस्त्यावर आम्ही दोघे आणि माझ्या मांडीवर बादली. चौकात जवानाने हात वर केला.

"बाल्टी में क्या है?"

"काही नाही. रिकामी आहे. इथे पाणी भरणार."

"पानी किसलिए?"

"भिंतीला पाजायचं आहे," मी म्हणाले, आणि ते हिंदीत म्हणताना माझे मलाच ते वेड्यासारखे वाटले. जवान भिंतीला बांधलेल्या परांचीकडे, गोणपाटाकडे, साडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जल्दी पिलाइए." दोन्ही दिवस सकाळी आणि दुपारी मी परांचीवर चढून पाणी मारले. पती खाली स्कूटरला टेकून उभे राहिले आणि त्यांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साहेब पाहणीला येणार होते. नमुना तोवर वाळला होता आणि मला त्याची खरी स्थिती ठाऊक होती. आकार, रेघा, गाठी उत्तम. रंग जवळचा, पण जुना भाग तीस उन्हाळ्यांचा धुरकट आणि नवा किंचित निळसर, फिकट. लांबून पाहणाऱ्याला एक चौकोन दिसे. दोन-तीन पावसाळ्यांत तो मिसळून जाणार, याची मला खात्री होती. पण साहेबांनी मिसळलेला नमुना मागितला होता, मिसळणारा नव्हे. मी सरांना सगळे सांगितले आणि बरोबर येण्याची विनंती केली.

"मी नाही येणार," सर म्हणाले. "मी आलो तर साहेब माझ्याशी बोलतील. तू बोलणार नाहीस."

त्या सकाळी वाटेत नाक्यावर आमची बस थांबवून झडती झाली, आणि दहाला पोहोचायचे ते मी साडेदहाला पोहोचले. वळण घेतले आणि थबकले. चौकाकडची भिंत वरपासून खालपर्यंत ओलीचिंब होती. काळसर, चमकती, एकसारखी. खाली फरशीवर पाणी वाहत होते आणि मिस्त्री पाइप गुंडाळून ठेवत होता.

साहेब येणार म्हटले की साइटवर पाणी शिंपडायचे, धूळ बसवायची, हा तिकडचा रिवाजच होता. जमिनीवर शिंपडतात. मिस्त्रीने गच्चीवरच्या टाकीला पाइप लावून भिंतच धुतली होती.

"देखो बीबी जी," तो हळू आवाजात म्हणाला, "बताओ कहाँ है तीन फुट."

मी पाहिले आणि मला सांगता आले नाही. ओले काँक्रीट सगळे सारखेच काळे दिसते. नवे काय, जुने काय. नमुना नाहीसा झाला होता.

"मिस्त्रीजी, हे वाळलं की दिसणार."

"साब तब तक चले जाएँगे." त्याचा स्वर विनवणीचा नव्हता, समजावणीचा होता. "आप बस चुप रहना. चुप तो आप वैसे भी रहती हो."

तेवढ्यात जीप आली.

साहेब उतरले, कमरेवर हात ठेवून वर पाहिले. दोन पावले मागे गेले, पुन्हा पाहिले. त्यांच्याबरोबरचा कनिष्ठ अभियंता बोट वर करून शोधू लागला. "कहाँ है?" साहेब म्हणाले. "मैडम, किधर किया है आपने?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले.

"कमाल है," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढले आणि फाईलसाठी हात पुढे केला. कनिष्ठ अभियंत्याने ती उघडून धरली. एका सहीचे अंतर होते. भिंत उघडी राहणार होती, साइट माझी होणार होती, मिस्त्रीला सहा महिन्यांचे काम मिळणार होते, आणि हे सगळे घडायला मला काहीच करायचे नव्हते. ज्यात माझा हातखंडा होता तेवढेच करायचे होते: गप्प राहणे.

"साहेब, भिंत ओली आहे," मी म्हणाले.

"हाँ, वो तो दिख रहा है."

"वाळल्यावर नमुना वेगळा दिसतो. आत्ता सही करू नका. वाळू द्या."

मिस्त्रीने पाइप खाली टाकला. साहेबांचे पेन हवेत राहिले. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिले, ओल्या फरशीकडे पाहिले, आणि काय झाले ते त्यांच्या ध्यानात आले; ते आयुष्यभर साइटवरच वावरलेले होते.

"कितना टाइम?"

"या उन्हात अर्धा तास."

त्यांनी खुर्ची मागवली. चहावाल्याला हाक मारली. मग आम्ही सगळे त्या भिंतीकडे तोंड करून बसलो, जणू पडदा वर जायचा आहे. मिस्त्री मात्र बसला नाही. तो फळ्यांच्या ढिगामागे जाऊन, पाठ करून उभा राहिला. चौथा मजला आधी उजळला. मग तिसरा. कडांवरून पाणी मागे सरत होते, गाठींच्या खोलगट जागी थोडा वेळ थांबत होते. चहा संपेपर्यंत ऊन पहिल्या मजल्यावर आले होते आणि त्या काळसर ओलीतून हळूहळू, एक बाजू, मग दुसरी बाजू, असा तो फिका चौकोन वर आला.

"ये तो दिख रहा है," साहेब म्हणाले.

"हो. दिसतो. पहिल्या पावसानंतर थोडा कमी दिसेल. दोन-तीन पावसाळे जावे लागतील."

"तो फिर पलस्तर में क्या बुराई है? सब एक दिन में एक जैसा."

हे उत्तर मी घरी पन्नासदा मनात म्हटले होते, फळ्यांच्या सौंदर्याविषयी, या शहराच्या जन्माविषयी. ते सगळे त्या क्षणी मला निरुपयोगी वाटले. मी उठून परांचीवर चढले आणि नमुन्याच्या हातभर डावीकडे असलेल्या एका तांबूस ओघळावर बोट ठेवले.

"हा डाग बघा, साहेब. आत सळई गंजते आहे, हे ही भिंत आपल्याला सांगते आहे. तो ढलपा सुटला, त्याच्याआधी दोन वर्षं तिथे असाच डाग होता. तुमच्याच फाईलमध्ये त्याचा फोटो आहे. कुणी पाहिला नाही, ही गोष्ट वेगळी. पलस्तर केलंत की सळई आत गंजतच राहील, आणि डाग दिसणार नाही. पुढचा तुकडा पडेल तो पलस्तरासकट पडेल, आणि न सांगता पडेल. त्या दिवशी खाली पिंप होतं."

चौकात बोलण्याची मला सवय नव्हती. माझा आवाज जरुरीपेक्षा मोठा लागला असावा. पानवाल्याने मान बाहेर काढली.

साहेब उठले. परांचीच्या पहिल्या टप्प्यावर जपून चढले, नमुन्यावर मूठ आपटली, शेजारच्या जुन्या भागावर आपटली, आणि कान देऊन ऐकले. त्या डागावर आपटली तेव्हा आवाज पोकळ आला. त्यांनी पुन्हा आपटून पाहिले.

"तुम्ही गप्प राहिला असतात," खाली उतरून हात झटकत ते इंग्रजीत म्हणाले, "तर मी आज सही केली असती, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या ऑफिसचं नाव कायमचं कापलं असतं." मग मोठ्याने, हिंदीत, फळ्यांच्या ढिगाकडे पाहत, "और इस नहलाने वाले को तो मैं आज ही भगा देता!"

मिस्त्री वळला नाही.

"जे बोललात ते लिहून द्या," साहेब मला म्हणाले. "आत्ता. तुमच्या सहीनं. सरदारजींच्या नाही."

मी सिमेंटच्या पोत्यावर बसून लिहिले. दुरुस्ती दिसेल, किती काळ, रंग का जुळत नाही, दर वर्षी पावसाळ्याआधी सगळी भिंत हातोडीने ठोकून तपासावी, जिथे पोकळ वाजेल तिथे खूण करावी. साहेबांनी कागद घेतला, वाचला, आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. इंग्रजीत मी लिहिले होते की दुरुस्तीचा भाग काही काळ वेगळा भासण्याची शक्यता नाकारता येत नाही.

"हे काय? दिसणार आहे की नाही?"

"दिसणार आहे."

"मग?"

मी ती ओळ खोडून 'दिसेल' एवढे लिहिले आणि सही केली. त्याखाली 'भिंत उघडी ठेवावी' असे लिहून त्यांनी केली. इमारतीच्या मागच्या गल्लीकडच्या, तशाच उघड्या भिंतीविषयी मी तोंड उघडले, तर त्यांनी हात जोडले. "मैडम, एक दिन में एक दीवार. पीछे वाली का टेंडर हो चुका." ती मागची भिंत पुढच्या महिन्यात गिलाव्याखाली गेली, क्रीम रंगात. ती मला वाचवता आली नाही, आणि त्या गल्लीतून जाताना मी अजून तिच्याकडे पाहून घेते.

जीप गेली. मिस्त्री फळ्या उगीचच या ढिगातून त्या ढिगात रचत होता. मी जवळ गेले तरी त्याने मान वर केली नाही.

"मी गप्प राहू शकले नाही, मिस्त्रीजी."

"वो तो सारे सेक्टर ने सुना." एक फळी, दुसरी फळी. "मेरे छह महीने आपने एक कप चाय पर लगा दिए, बीबी जी. एक कप चाय पर!"

"हो," मी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो फळ्याच रचत राहिला. जेवून झाल्यावर कानामागची पेन्सिल काढून आला, माझा फळ्यांचा नकाशा मागितला आणि पोकळ वाजलेल्या त्या डागाशी उभा राहून त्यावर काहीतरी मोजू लागला. त्याच्या मते माझ्या नकाशातल्या दोन फळ्यांची रुंदी पाव इंचाने चुकली होती. आम्ही दोघांनी टेप लावला. एक चुकली होती; दुसरी बरोबर होती, आणि ती बरोबर आहे हे त्याने मान्य करेपर्यंत मी टेप सोडला नाही.